पदवीची तीन वर्षे नेमकी कशासाठी? धाकट्या भावाच्या प्रवेशाबाबत मत हवे आहे

अंबडचा सेटर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे कामासाठी जुळवून देतो. मूळ गाव निफाड तालुक्यात असून घरची अडीच एकर द्राक्षबाग वडील सांभाळतात. बारावीनंतर मीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. परंतु २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली तिच्यात काढणीला आलेला माल गेला, औषधांच्या दुकानाची उधारी तशीच राहिली आणि पुढच्या खरड छाटणीच्या मजुरीलाही घरात पैसे नव्हते, म्हणून मी महाविद्यालय सोडून आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला. त्याचा पश्चात्ताप नाही. त्या दोन वर्षांनी आमचे घर उभे केले.

आता प्रश्न धाकट्या भावाचा आहे. तो यंदा विज्ञान शाखेतून ६३ टक्के गुण घेऊन बारावी झाला. वडिलांचे म्हणणे असे की त्याने तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिप्लोमा करावा. त्याला मात्र कॉलेज रोडला जाऊन अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे. ‘पुढे काय करणार?’ असे विचारले की तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याने वडिलांचा राग वाढतो.

माझी अडचण अशी आहे की मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. माझ्या हाताखाली बी.ई. झालेली दोन मुले ट्रेनी म्हणून आहेत. त्यांना माझ्यापेक्षा कमी पगार मिळतो आणि त्यांतल्या एकाला ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) अजूनही मला विचारावा लागतो. ते पाहिले की वाटते, चार वर्षे आणि काही लाख रुपये कुठे गेले? दुसरीकडे, पर्यवेक्षकाच्या जागेसाठी माझे नाव आतापर्यंत दोनदा पुढे गेले आणि दोन्ही वेळा अर्जातील शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यावर अडकले.

नोकरीची हमी नसेल तर उच्च शिक्षणाचा हेतू काय, असे मी उपहासाने विचारत नाही. ज्यांनी शिक्षण घेतले आहे आणि ज्यांनी दिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, नाशिकरोड

आपण स्वतःच्या अनुभवातून मांडलेला विरोधाभास अर्थशास्त्रात फार जुना आहे, आणि मला तर तो विरोधाभासही वाटत नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात शिक्षणाकडे यंत्रसामग्रीसारखी गुंतवणूक म्हणून पाहिले: माणूस शिकतो, त्याची उत्पादकता वाढते आणि म्हणून त्याला वेतन अधिक मिळते. दुसरे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये निराळी बाजू मांडली. मालकाला उमेदवाराची कुवत आधी दिसत नसल्यामुळे तो पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो, आणि त्या तीन-चार वर्षांत उमेदवार काहीही शिकला नसला तरी ती खूण आपले काम करते. आपल्या हाताखालच्या ट्रेनी मुलाजवळ खूण आहे, कौशल्य नाही. आपल्याजवळ कौशल्य आहे, खूण नाही. दोघेही अडलेले आहात.

दुसरा मुद्दा सुशिक्षितांच्या बेरोजगारीचा. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात वर्षानुवर्षे असे दिसते की पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण निरक्षरांमधील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक असते. यावरून ‘शिकल्याने माणूस बेकार होतो’ असा निष्कर्ष काढला जातो, पण तो घाईचा आहे. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडतच नाही. तो द्वारका चौफुलीवर उभा राहतो आणि मिळेल ते काम पत्करतो, त्यामुळे सर्वेक्षणात तो ‘रोजगार असलेला’ म्हणून मोजला जातो. पदवीधर मात्र अपेक्षेनुसार काम मिळेपर्यंत घरच्यांच्या आधाराने थांबतो. त्या थांबण्याचा खर्च कोण सोसतो, हे प्रत्येक घराने पाहिलेच पाहिजे, आणि म्हणून आपल्या वडिलांचा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही.

पण आपण विचारले आहे ते नोकरी वगळून काय उरते याविषयी. मी एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. त्यातला एक प्रसंग सांगतो. एका वर्षी मी द्वितीय वर्षाच्या मुलांना लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे रोजचे भाव महिनाभर वहीत उतरवायला सांगितले होते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे रोज जाहीर होतात. येवल्याकडचा एक विद्यार्थी, एरवी वर्गात फारसे न बोलणारा, तिसऱ्या आठवड्यात उभा राहिला आणि म्हणाला, “सर, गावात सगळे कमाल भावच सांगतात, पण तो भाव किती ट्रॉल्यांना मिळाला हे कुठेच लिहिलेले नसते.” मग त्याने दोन दिवस स्वतः लिलावात उभे राहून मोजले, तर कमाल भाव एखाद-दुसऱ्या वाहनालाच मिळालेला होता. त्याचे वडील वीस वर्षे त्याच समितीत कांदा नेत होते आणि दरवेळी भाव ‘पडला’ असे समजून घरी येत होते.

त्या मुलाला पुढे कोणती नोकरी लागली ते मला ठाऊक नाही. परंतु समोर आलेला आकडा कोणी, कशातून आणि कोणासाठी काढला आहे हे विचारण्याची सवय त्याला त्या वर्षी लागली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पदवीच्या शिक्षणाचा गाभा तो आहे. ही सवय घरबसल्या लागू शकत नाही असे नाही, पण त्यासाठी वेळ, सोबत आणि चूक दाखवणारा कोणीतरी लागतो, आणि अठराव्या-एकविसाव्या वर्षी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा आपल्या समाजात महाविद्यालयाखेरीज फारशी नाही.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात त्यांची तक्रार अशी होती की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. त्यांनी आधी प्राथमिक शिक्षण मागितले. पुढे डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. पहिल्याने पैसा कोणाचा हे विचारले आणि दुसऱ्याने दार कोणासाठी हे विचारले. आपल्या घरात सध्या हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत, एवढेच.

सातपूर, मनुष्यबळ विभाग

प्राध्यापक महोदयांनी मांडलेली ‘खूण’ ही गोष्ट मी रोज टेबलावर पाहतो, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो.

आमच्याकडे भरतीची शिडी ठरलेली असते. आयटीआय झालेला मुलगा अप्रेंटिस म्हणून येतो, डिप्लोमावाला डिप्लोमा ट्रेनी म्हणून आणि बी.ई.वाला पदवीधर ट्रेनी म्हणून. पहिली दोन-तीन वर्षे तिघांच्या पगारात फरक थोडाच असतो आणि कामात आयटीआयवालाच सरस ठरतो. यात नवल काही नाही, कारण त्याने दोन वर्षे मशिनवरच काढलेली असतात. फरक सातव्या-आठव्या वर्षी दिसतो, कारण आयटीआयची शिडी एका पायरीवर संपते आणि बाकीच्या दोघांची पुढे जाते. हे न्याय्य आहे असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः अशा दोन फायली वर पाठवल्या होत्या आणि दोन्ही परत आल्या.

तेव्हा धाकट्या भावाइतकाच विचार आपण स्वतःचाही करावा. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवण्याची परवानगी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संस्थांना दिलेली आहे. आपल्या भागात असे वर्ग कोण चालवते याची चौकशी जरूर करावी.

भावाबद्दल एकच सांगतो. बी.ए. झालेल्या मुलाला आमच्या कारखान्यात थेट जागा नसते, हे त्याने डोळे उघडे ठेवून स्वीकारावे. मात्र खरेदी, लेखा किंवा निर्यातीच्या विभागात जी माणसे टिकतात, त्यांच्यात एक पानभर पत्र न चुकता लिहू शकणारा माणूस इतका दुर्मीळ असतो की मुलाखतीत मी पदवीचा विषय नंतर पाहतो आणि आधी त्याला एक परिच्छेद लिहायला देतो.

सुरगाण्याची

दादा, मी आपल्या धाकट्या भावाच्या बाजूने लिहिणार आहे, हे आधीच सांगते.

मी सुरगाणा तालुक्यातील पाड्यावरची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली म्हणून नाशिकला येऊ शकले. ज्या मैत्रिणीला ती मिळाली नाही तिला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचे पैसे मिळत, पण ते इतके उशिरा येत की दोन महिने आम्ही एका डब्यात दोघी जेवत होतो. रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. केले. आज मी द्राक्षांतील औषधांचे अंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते.

महाविद्यालयाने काय दिले, असे मला कोणी विचारले तर माझ्या डोळ्यांसमोर ब्युरेट येते, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी खुणांची काचनळी. प्रात्यक्षिकात टायट्रेशनची (रंग बदलेपर्यंत किती द्रावण लागले ते मोजण्याची) तीन वाचने घ्यायची असतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागतात. आम्ही सगळ्या मुली काय करायचो, तर पहिले वाचन खरे घ्यायचे आणि उरलेली दोन त्याच्याशी जुळतील अशी लिहून टाकायची. आमच्या मॅडमनी एके दिवशी वह्या तपासल्या आणि ज्यांची तिन्ही वाचने तंतोतंत सारखी होती त्या सगळ्यांचे गुण कापले. एका मुलीच्या वाचनांत मोठा फरक होता आणि तिने शेजारी लिहिले होते, ‘दुसऱ्या वेळी रंग ओलांडून गेला.’ तिला पूर्ण गुण मिळाले. त्या दिवशी मी चिडले होते.

आता त्याचा अर्थ सांगते. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेहून जास्त आढळले आणि माल नाकारला गेला. मी तेव्हा शाळेत होते. आपल्या वडिलांना ते औषध ‘सीसीसी’ या नावाने ठाऊक असेल, छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घड यावेत म्हणून ते मारत. शेतकऱ्यांनी फसवले असे त्यात काही नव्हते. नेहमीचे औषध नेहमीप्रमाणे मारले होते, पण त्याचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांश भागांत मोजला जाईल याची कल्पना बागेतल्या कोणाला नव्हती. आज हंगामात माझ्यासमोर नमुना येतो, कंटेनर भरायला उभा असतो, फोनवर फोन येत असतात आणि आकडा मर्यादेच्या किंचित वर असतो. तेव्हा पुन्हा तपासून जो येईल तोच आकडा लिहायचा, एवढेच माझे काम. यंत्र चालवायला मला कोणी सहा महिन्यांतही शिकवले असते. तो आकडा तसाच लिहायला शिकायला मात्र तीन वर्षे लागली.

आणखी एक. भाऊ गप्प बसतो, असे आपण लिहिले आहे. मीही गप्पच बसायचे. पहिल्या पिढीच्या मुलाला पुढचे चित्र सांगता येत नाही, कारण ते चित्र त्याने कोणाच्याच घरी पाहिलेले नसते. त्याला ‘काय होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘काय वाचतोस?’ असे एकदा विचारून पाहावे.

हप्ते भरणारा

वरील तिन्ही उत्तरे वाचली. ती खरी असतील, पण ती चांगले शिक्षक लाभलेल्यांची आहेत.

मी एका खासगी महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. नाव लिहीत नाही. चार वर्षांत तीन विषय असे होते की त्यांना सत्राच्या निम्म्या काळात शिक्षकच नव्हता. शेवटी बाहेरून कोणीतरी येऊन ‘महत्त्वाचे प्रश्न’ लिहून देत असे. वर्कशॉपच्या यंत्रांवर कापड घातलेले असायचे आणि ते फक्त तपासणी समिती येणार असेल तेव्हा निघायचे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो, हे बँकेने सांगितले होते. मधल्या काळातही व्याज चढत राहते, ते मात्र पहिल्या हप्त्याच्या दिवशी नीट कळले. आज मी ज्या कामावर आहे त्याचा माझ्या विषयाशी संबंध नाही.

प्रश्न विचारण्याची सवय, आकड्याचा प्रामाणिकपणा, हे सर्व उत्तम. पण आम्ही त्याचेच शुल्क भरले होते आणि ते आम्हाला मिळाले नाही. तेव्हा ‘उच्च शिक्षणाचा हेतू काय?’ याआधी ‘या अमुक इमारतीत ते खरोखर होते का?’ असे विचारावे. प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहावे: ज्या विषयासाठी भाऊ जातो आहे त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि किती जण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, आहेत, तिसऱ्या वर्षाला तो विषय स्पेशल (मुख्य विषय) म्हणून प्रत्यक्षात शिकवला जातो की केवळ माहितीपत्रकात आहे, ग्रंथालय किती वाजता बंद होते. शिपायाला विचारले तरी खरे उत्तर मिळते.

निवृत्त प्राध्यापक, नाशिकरोड

‘हप्ते भरणारा’ यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माझ्या उत्तरात ते यायला हवे होते. तासिका तत्त्वावरील अध्यापक एका दिवसात दोन-तीन महाविद्यालये करतो, तेव्हा लासलगावच्या भावांची वही तपासायला त्याच्याजवळ वेळ कोठून असणार? उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात अठरा ते तेवीस वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. हा आकडा वाढतो आहे याचा आनंद मानताना त्यामागे वर्गात उभा असलेला माणूस कोणत्या अटींवर उभा आहे, हे आम्ही लोक पुरेसे बोललो नाही.

एक तांत्रिक गोष्ट भावाच्या उपयोगाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट) खात्यावर जमा राहतात. २०१४ मध्ये आपण सोडलेले वर्ष वाया गेले, तसे आता जाण्याचे कारण नाही. अर्थात एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात काय किंमत मिळेल, याविषयी मी स्वतः फारसा आशावादी नाही.

अंबडचा सेटर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे रात्रपाळीत वाचली, त्यामुळे लिहायला उशीर झाला.

सुरगाण्याच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे मी भावाला काय वाचतोस ते विचारले. तो गेले वर्षभर बागेच्या जमाखर्चाच्या वह्या वाचत होता, हे मला माहीत नव्हते. वडील प्रत्येक छाटणीपासूनचा खर्च एका लांब वहीत लिहितात. भावाने अकरा वर्षांच्या वह्या काढून औषधे, खते, मजुरी आणि हाती आलेली रक्कम अशा चार रकान्यांत मांडल्या होत्या. त्याच्या मांडणीप्रमाणे अकरांपैकी चार वर्षे आम्ही तोट्यात होतो आणि त्यांतली दोन वर्षे वडील आजही ‘चांगली वर्षे’ म्हणून सांगतात, कारण त्या वर्षी भाव उंच होता. फक्त त्या भावाने उचललेला माल थोडा होता आणि एका व्यापाऱ्याने शेवटचे पैसे दिलेच नव्हते. “हे असे का होते, ते मला शिकायचे आहे,” एवढे तो म्हणाला. वडिलांनी ती पाने बराच वेळ पाहिली, एका ठिकाणी मजुरीचा आकडा चुकीचा उतरवला आहे असे दाखवून दिले, आणि काही न बोलता बागेत निघून गेले.

शनिवारी आम्ही दोघे कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या दोन महाविद्यालयांत जाऊन आलो. एका ठिकाणी अर्थशास्त्राला एकच पूर्णवेळ शिक्षक आहेत, असे कार्यालयाबाहेरच्या शिपायानेच सांगितले. दुसऱ्या ठिकाणी विभागात तिघे आहेत आणि ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत उघडे असते. तेथला अर्ज भरला आहे. वडिलांनी सही केली. ऑक्टोबर छाटणीला मात्र रविवारी सुट्टी मिळणार नाही, असे त्याला बजावले आहे.

सातपूरच्या साहेबांना एक विचारायचे आहे. डिप्लोमाच्या सोयीच्या वर्गांची मी चौकशी सुरू केली आहे, पण माझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. मुक्त विद्यापीठाची पदवी घरी अभ्यास करून घेता येते, हे मला ठाऊक आहे आणि गोवर्धनला त्याच्या मुख्यालयात जाऊन मी माहितीपुस्तिकाही आणली आहे. पर्यवेक्षकाच्या अर्जातील त्या रकान्यात कोणत्याही शाखेची पदवी चालते, की तेथे तांत्रिक पदविकाच लागते?